किरणला रंग कोणता द्यायचा?

लष्करी जेटची छोटी मॉडेलं करणाऱ्यांत मिग आणि हंटरची चलती असते. हैदराबादकरानं मात्र एक तरी ‘किरण’ करायला हवं. दुंडिगल आणि हकीमपेटला वायुदलाचे कितीतरी वैमानिक याच जेटवर तयार झाले. ते घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकलेले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरणनं पहिलं उड्डाण केलं.

रंगाची बाटली उघडण्याआधी ठरवायचं ते हे, की आपण कुठलं किरण करतोय. आधीच्या विमानांत व्हायपर इंजिन होतं. १९७६ साली उडालेल्या मार्क दोनमध्ये ऑर्फियस आलं, नाकात दोन मशीनगन आल्या आणि पंखांखाली शस्त्रं लटकवायच्या जागा चार झाल्या. ‘सूर्यकिरण’ हा कसरतींचा चमू २७ मे १९९६ रोजी बिदरला उभा राहिला, तो मार्क दोनवर. म्हणजे जुन्या किरणला सूर्यकिरणचा साज चढवला की ते मॉडेल चुकलंच, रंगकाम कितीही सफाईदार असो. घोटाळा होतो त्याचं कारणही आहे: शिकवणीचं विमान पांढरं आणि नारिंगी-लाल, सूर्यकिरणचंही तेच दोन रंग. फरक आहे तो कुठला रंग कुठे आणि किती, यात. म्हणून छायाचित्र समोर ठेवल्याशिवाय ब्रश उचलू नये.

१:७२ प्रमाणात हे विमान जेमतेम १५ सेंटिमीटरचं होतं. फूटभर अंतरावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून पाहिलं, तर ते खरं विमान २१-२२ मीटरवरून पाहिल्यासारखं दिसतं. एवढ्या अंतरावर रंग किंचित फिके पडतात. म्हणून बाटलीतला नारिंगी थोडा पांढरा घालून उजळावा आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी कणभर करडा मिसळलेला पांढरा वापरावा, नाहीतर खेळणं वाटतं. आधी सगळीकडे पांढरा, तो पूर्ण वाळल्यावर पट्टी लावून नारिंगी. करड्या अस्तरावर थेट नारिंगी मारला तर तो मळकट दिसतो. पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग भरायची हौस आवरावी; पांढऱ्या विमानाची फरशी होते! पातळ करडा पुरे.

वायुदलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा. हा केशरी विमानाच्या नारिंगी-लालपेक्षा वेगळा दिसलाच पाहिजे. एकाच बाटलीतून दोन्ही उरकणारे पुष्कळ आहेत.

तिसरं रूप नौदलाचं, ‘सागर पवन’ चमूचं, गडद निळं आणि पांढरं. ते आपल्या शहराशी वेगळ्याच नात्यानं बांधलेलं आहे. ३ मार्च २०१० रोजी बेगमपेटच्या हवाई प्रदर्शनात चार विमानांपैकी एक बोवेनपल्लीत इमारतीवर कोसळलं. कमांडर एस. के. मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर यांचा त्यात मृत्यू झाला. त्या दिवशी मान वर करून बघणारे लोक आजही इथेच राहतात. त्यामुळे या चमूच्या मॉडेलवर क्रमांक अंदाजानं टाकू नये. वायुदलाच्या किरणचा क्रमांक ‘यू’नं सुरू होतो, नौदलाचा ‘आयएन’नं, एवढं तर सांभाळावंच; पुढचे आकडे छायाचित्रात स्पष्ट वाचता आले तरच लिहावेत. नाही आले, तर जागा कोरी ठेवावी.