आधी पाहावे, मग काढावे

"मला चित्र येत नाही, माझा हातच वळत नाही," असे पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, आणि घरची वडीलधारी मंडळीही त्यास मान डोलावतात. चित्रकला ही उपजत देणगी, अशीच आमचीही समजूत होती. आम्ही भाषा शिकविणारे. परंतु तिशी उलटल्यावर चित्रकलेच्या तासाला मुलांच्या शेजारी बसून पेन्सिल हाती धरली, तेव्हा एक गोष्ट उमगली: हात वळत नाही, याचे कारण डोळा पाहत नाही.

त्या दिवशी टेबलावर सरस्वतीपूजनाची समई ठेविली होती. आम्ही तिच्या बैठकीची खालची कड सरळ रेषेने काढली. समई टेबलावर सपाट बसते, हे आम्हांस ठाऊक होते ना! आम्ही ठाऊक असलेली समई काढली, दिसणारी नव्हे.

वास्तविक समईची वाटी व बैठक दोन्ही वर्तुळाकार. पण जे वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर असते, ते केवळ आडवी रेषा भासते. पातळीच्या खाली ते लंबवर्तुळ होते आणि जितके खाली जावे, तितके अधिक उघडते. म्हणून वाटीच्या कडेपेक्षा बैठकीची कड अधिक वाकलेली दिसते. समई डोक्यावर उचलून धरली, तर हा वाक उलटा होतो. नियम एवढाच, परंतु कळशी, पेला, विहिरीचा काठ, सर्वांना तो लागू पडतो.

दुसरा पाठ मापाचा. हात ताठ करून पेन्सिल आडवी धरावी, एक डोळा मिटावा आणि बैठकीची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर मोजावी. समईच्या उंचीत ती किती वेळा बसते, ते पाहावे. मोजताना कोपर वाकू देऊ नये. नाहीतर माप बदलते. प्रथम पुसट रेषांनी सर्व आकार बसवावा, नक्षी मागाहून.

तिसरा पाठ छायेचा. उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा आणि डोळे किलकिले करून पाहावे. बारीकसारीक तपशील मावळतो व उजेड-अंधाराचे मोठे भाग उरतात. गोल दांड्याची सर्वांत गडद छाया बहुधा अगदी कडेला नसते. टेबलावरून परतलेला उजेड ती कड किंचित उजळतो.

हे पाठ थोरांनाही चुकले नाहीत. गोमंतकात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत विद्यार्थी प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटनाचा सराव करीत. मग आपणच सरावाला का कंटाळावे?

साधी एच. बी. पेन्सिल आणि जुन्या वहीचे कोरे पान एवढे भांडवल पुरे. रोज दहा मिनिटे एकच वस्तू काढावी. चुकलेली रेषा लगेच खोडू नये. तिच्याशेजारी दुसरी काढावी, म्हणजे आपली चूक आपणांस दिसते.

सगळेच चित्रकार होतील असे नव्हे. परंतु ज्या समईपुढे बालपणापासून दर सांजवेळी आम्ही हात जोडले, ती खरोखर कशी दिसते, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले. आमचे चित्र वाकडेच आले. पण त्या सायंकाळी घरी दिवा लावताना आम्ही समईकडे बराच वेळ पाहत राहिलो.