२४ फेब्रुवारी आणि १ जून

२४ फेब्रुवारी २०१०. ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर डावाचं पन्नासावं षटक चालू होतं. सचिन तेंडुलकर १९९ वर, समोर दक्षिण आफ्रिकेचा चार्ल लँगवेल्ट. तिसरा चेंडू सचिननं पॉइंटच्या बाजूला ढकलला आणि एक धाव पळून काढली. पुरुषांच्या वन-डेतलं पहिलं द्विशतक! पहिला वन-डे सामना ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला झाला, तेव्हापासून ३९ वर्षं हा आकडा कुणाच्याच हाती लागला नव्हता. सईद अन्वर १९४ वर बाद झाला, चार्ल्स कॉव्हेंट्री नाबाद १९४ वर राहिला. सचिननं मात्र १४७ चेंडूंत नाबाद २०० केल्या. दुसऱ्या टोकाला हे सगळं पाहत उभा होता महेंद्रसिंग धोनी.

आता तारीख तीच ठेवून कॅलेंडर बावीस वर्षं मागं न्या. १९८८ चा फेब्रुवारी, मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. २३ तारखेला शारदाश्रम विद्यामंदिरचे दोन बाद ८४ झाले असताना दोन पोरं एकत्र आली. सचिन चौदा वर्षांचा, विनोद कांबळी सोळाचा. २४ तारखेलाही ती दोघं खेळतच होती. डाव घोषित करा म्हणून सहायक प्रशिक्षक सीमारेषेवरून खुणा करत होते आणि ही पोरं तिकडं बघायचंच टाळत होती, असं सांगतात. शेवटी मुख्य प्रशिक्षक आचरेकर सरांच्या कानावर गेलं तेव्हा कुठं डाव थांबला. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ ची आणि धावफलक दोन बाद ७४८. समोरच्या सेंट झेवियर्सकडून पुढं भारतासाठी खेळलेला साईराज बहुतुले गोलंदाजी करत होता. त्याला १८२ धावा पडल्या, बळी एकही नाही.

बरं, इथंच थांबत नाही. २४ फेब्रुवारी २०१३, चेन्नईचं चेपॉक, ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीचा तिसरा दिवस. सचिन ८१ वर बाद होऊन परतला आणि त्याच्या जागी मैदानात उतरला धोनी. दिवस संपला तेव्हा तो नाबाद २०६ वर होता. त्याच्या कसोटी कारकिर्दीतलं ते एकमेव द्विशतक. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला त्यानं सचिनचं द्विशतक बावीस यार्डांवरून पाहिलं होतं.

पुढं २०१५ चा विश्वचषक. तारीख पुन्हा २४ फेब्रुवारी, गाव कॅनबेरा. झिम्बाब्वेविरुद्ध ख्रिस गेल पहिल्याच चेंडूवर पायचीत होता होता वाचला आणि डावाच्या शेवटच्या चेंडूपर्यंत टिकला. २१५ धावा, १६ षटकार, विश्वचषकातलं पहिलं द्विशतक. मार्लन सॅम्युअल्सबरोबर त्यानं ३७२ ची भागीदारी केली. त्याआधीचा ३३१ चा विक्रम कुणाचा? राहुल द्रविड आणि सचिनचा. आणि गेलनं चेंडू किती खेळले? १४७. सचिनच्या डावाइतकेच, एक कमी नाही की एक जास्त नाही.

अंगावर काटा येतो ना? ही तारीख मंतरलेली आहे की काय, असं कुणालाही वाटेल. याचं उत्तर मिळतं ते आपल्या धरणगावसारख्या गावातल्या जुन्या शाळेत, कपाटातल्या जनरल रजिस्टरमध्ये.

समजा, एका वर्गात २३ मुलं आहेत. त्यातल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती? वर्षाचे दिवस ३६५, मुलं अवघी २३, म्हणून आपण पटकन ‘फार कमी’ म्हणून मोकळे होतो. खरी शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे. कारण इथं मुलं मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. प्रत्येकाची बाकीच्या प्रत्येकाशी जोडी लावली तर २३ मुलांच्या २५३ जोड्या होतात आणि यातली कुठलीही एक जुळली तरी पुरे. वर्गात ५० मुलं असली तर शक्यता ९७ टक्क्यांवर जाते.

हे झालं तारखा वर्षभर सारख्या पसरल्या असं धरून. पण जुनं रजिस्टर उघडलं की पानोपानी एकच तारीख दिसते, १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्माची नोंद कुठंच नसायची. माय सांगायची, पोळ्याच्या आगेमागे झाला. मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे. हात कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख १ जून! महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मेला महाराष्ट्रभर निरोप समारंभांची आणि शाल-श्रीफळांची एकच झुंबड उडते. अशा वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आला, याचं नवल कोण करील?

क्रिकेटचा १ जून म्हणजे त्याचा हंगाम. पुरुषांच्या वन-डेत २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत १२ द्विशतकं झाली. बारांच्या जोड्या ६६. तारखा वर्षभर सारख्या पसरल्या असत्या, तरी एखादी जोडी जुळण्याची शक्यता सहात एक, म्हणजे फासा टाकून सहा पडावेत इतकी. पण त्या पसरलेल्या नाहीत. फखर झमानचं जुलैतलं द्विशतक सोडलं, तर बाकीची अकरा २ नोव्हेंबर ते २१ मार्च या १४० दिवसांत दाटीनं बसली आहेत. भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथले मोठे सामने याच दिवसांत होतात. एवढं धरून हिशेब केला की शक्यता तीनात एकच्या आसपास येते. म्हणजे सचिन आणि गेल एका तारखेवर भेटले, हे नवल फार मोठं नव्हे.

शिवाय शोधायला बसलं की असं आणखी सापडतं. १६ डिसेंबर घ्या. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी सामना याच तारखेला सुरू झाला आणि त्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा उच्चांक टप्प्यात असताना पाहुण्या कप्तानानं पुढं खेळायलाच नकार दिला. १९९७ साली त्याच १६ डिसेंबरला मुंबईत, वांद्र्याच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या. वन-डेतलं जगातलं पहिलं द्विशतक तिचं, सचिनच्या बारा वर्षं आधीचं. महाराष्ट्राच्याच मातीवरचे हे दोन डाव, पण या तारखेचा गाजावाजा कुणी केला नाही. २४ फेब्रुवारीचा झाला, कारण आपण सचिनचं नाव धरून शोधत गेलो.

गणितानं तारखेची जादू काढून घेतली खरी, पण डावांना त्यानं हात लावलेला नाही. पन्नास षटकं म्हणजे ३०० चेंडू. त्यातले निम्म्याहून कमी वाट्याला येऊन, छत्तिसाव्या वर्षी एकट्यानं २०० काढणं कुठल्याही जोड्यांच्या हिशेबात बसत नाही. बघायचंच असेल तर नवल तिथं बघावं.

तारखेपुरतं बोलायचं तर हिशेब सोपा आहे. यापुढचं द्विशतक हंगामात पडलं, तर ते त्या अकरा डावांच्या दहा तारखांपैकी एखादीवर येण्याची शक्यता चौदात एक. नेमकं २४ फेब्रुवारीलाच येण्याची १४० त एक. आणि त्या दिवशी भारताचा सामना असला, तर हे सगळं पाठ असलेला माणूसही टीव्हीसमोरून उठणार नाही!