जुन्या ऑनलाइन खेळाचे जग कुठे असते?

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर गाडीची वाट पाहताना मोबाइलवर दिसणारा खेळातला किल्ला त्या मोबाइलमध्ये नसतो; खेळाडू पात्रे होऊन जिथे वावरतात, ते सामायिक जग कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे अखंड चालणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, नोंदींच्या रूपात असते आणि मोबाइल त्या नोंदींचे चित्र तेवढे रेखाटतो.

असा खेळ जुना झाला की त्याची गत ओसरत्या आठवडी बाजारासारखी होते : गिऱ्हाईक घटले की दुकाने घटतात आणि दुकाने घटली की उरलेले गिऱ्हाईकही फिरकत नाही. नवी शस्त्रे आणावीत, तर जुन्या खेळाडूने वर्षानुवर्षे खपून मिळवलेली तलवार कवडीमोल ठरते. न आणावीत, तर नवा माणूस येत नाही. खेळाडूंचा वाद मुख्यतः याच पेचाभोवती फिरतो, आणि तो क्षुल्लक नाही, कारण त्यात माणसांची वर्षे गुंतलेली असतात.

2001 साली सुरू झालेल्या ‘रूनस्केप’ या ब्रिटिश खेळात 2012 मध्ये लढाईची पद्धत बदलली आणि अनेक जुने खेळाडू दुरावले, तेव्हा कंपनीने मतदान घेऊन ऑगस्ट 2007 मधील जग फेब्रुवारी 2013 मध्ये पुन्हा उघडले. तिथे नव्या भरीसाठी खेळाडूंची आधी 75 टक्के, पुढे 70 टक्के मते आवश्यक ठरली. हे सारे शक्य झाले, ते 2007 मधील खेळाची एक प्रत जपून ठेवलेली होती म्हणून.