विमानतळावरचे बारा तास : फर्स्ट क्लासचा लाउंज आणि आपल्या उमऱ्याचा हॉल्ट

अमरावती-अकोल्यात टूरवाल्यांच्या जाहिराती पाहिल्या तर उमऱ्याचे दोन दर दिसतात. एक 'डायरेक्ट'चा आणि दुसरा त्याहून कमी, 'व्हाया'चा. व्हाया म्हणजे मुंबई किंवा नागपूरहून आधी दुबई, दोहा, शारजा, मस्कत असं कुठंतरी उतरायचं, तिथं थांबायचं आणि दुसऱ्या विमानाने जेद्दा किंवा मदिना गाठायचं. या थांब्याला तिकिटावर 'लेओव्हर' म्हणतात, आपल्याकडे सगळे हॉल्ट म्हणतात. हा हॉल्ट दोन तासांचा की बारा तासांचा, हे पैसे भरताना फारसं कुणी विचारत नाही. मग साठ-सत्तर वर्षांच्या अब्बा-अम्मींची रात्र लोखंडी खुर्चीवर जाते, आणि हरमपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचे पाय सुजलेले असतात.

दुसरीकडे मोबाइलवर फर्स्ट क्लास लाउंजचे व्हिडिओ फिरत असतात. मखमली सोफे, गरम जेवण, झोपायला पलंग. वर्गातली मुलं विचारतात, "सर, हे सगळं खरंच फुकट असतं का?" अनेक मोठ्या माणसांनाही तोच प्रश्न पडतो. म्हणून लाउंज म्हणजे काय, तिथं कोणाला काय मिळतं, आणि लाउंज नसताना लांबचा हॉल्ट कसा सोसायचा, हे एकदा नीट समजून घेऊ.

लाउंज म्हणजे काय?

आपल्याला हा प्रकार नवा नाही. बडनेरा किंवा अकोला जंक्शनवर साधं प्रतीक्षालय वेगळं आणि वरच्या वर्गाचं वेगळं असतं. विमानतळावरचा लाउंज म्हणजे त्याचंच वाढवलेलं रूप. विमान कंपनीने असा पहिला लाउंज १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर काढला. अमेरिकन एअरलाइन्सचा 'अ‍ॅडमिरल्स क्लब' तो. सुरुवातीला तिथं कंपनी बोलावील त्यालाच प्रवेश होता. म्हणजे लाउंजची कल्पनाच मुळात निवडक लोकांसाठी निघाली.

आपल्याकडे याच गरजेला मुसाफिरखाना हा शब्द होता. हाजी जहाजाने जायचे त्या काळात गावोगावचे लोक मुंबईत येऊन साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात थांबायचे. तिथं मखमल नव्हती, पण पाठ टेकायला जागा होती, वुजूला पाणी होतं, आणि जहाज कधी सुटणार हे सांगणारं कुणीतरी होतं. थांबलेल्या मुसाफिराला एवढंच लागतं : आडवं व्हायला जागा, पाणी, जेवण, नमाजची सोय आणि पुढच्या प्रवासाची खबर. लाउंज मोठा की छोटा, हे याच पाच गोष्टींवर तपासावं.

तीन नावाजलेले लाउंज

दुबई : टर्मिनल ३ मधला 'कॉन्कोर्स ए' २०१३ मध्ये सुरू झाला. एमिरेट्सचा फर्स्ट क्लास लाउंज तिथं आहे. तो इमारतीच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेला आहे. जेवण सांगाल तसं करून टेबलावर आणून देतात, अंघोळीची सोय आहे, आडवं व्हायला शांत जागा आहे, आणि काही विमानांत तर लाउंजमधूनच थेट चढता येतं. रांग नाही, घोषणेकडे कान लावून बसणं नाही.

दोहा : हमद आंतरराष्ट्रीय विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. कतार एअरवेजचा फर्स्ट क्लाससाठीचा 'अल सफवा' लाउंज तिथं आहे. दोह्याच्या इस्लामी कला संग्रहालयावरून त्याची रचना सुचलेली आहे. उंच छत, दगडी भिंती आणि भरपूर मोकळी जागा. इथली मोठी सोय म्हणजे पलंग असलेल्या खोल्या. विमानतळ न सोडता काही तास खरीखुरी झोप मिळते. बिझनेस क्लासवाल्यांसाठी 'अल मुरजान' हा लाउंज वेगळा आहे. म्हणजे पैसेवाल्यांतही दोन दर्जे.

फ्रँकफर्ट : लुफ्तान्साने २००४ मध्ये फर्स्ट क्लाससाठी वेगळी इमारतच बांधली. बॅगांची तपासणी आणि पासपोर्टवर शिक्का तिथंच होतो, आणि मग गाडीत बसवून विमानापर्यंत नेऊन सोडतात. अंघोळीला चक्क टब आहेत.

तिघांची तुलना केली तर लांबच्या हॉल्टसाठी दोहा सरस वाटतो, कारण थकलेल्या माणसाला आधी पलंग लागतो. थाट आणि थेट विमानात चढण्याची सोय पाहिली तर दुबई. गर्दी अजिबात नको असेल तर फ्रँकफर्ट. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्याचे पैसे तिकिटातच घेतलेले असतात. फर्स्ट क्लासचं भाडं साध्या वर्गाच्या कितीतरी पट असतं. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर हेच : फुकट काहीच नाही.

साध्या माणसांसाठी बांधलेली जागा

याच विषयात जेद्दाच्या हज टर्मिनलचा उल्लेख करायलाच हवा. १९८१ मध्ये सुरू झालेलं हे टर्मिनल वाळवंटातल्या तंबूंसारखं दिसतं. २१० तंबूंचं हे छत फायबरग्लासच्या कापडाचं आहे. ऊन अडवायचं आणि वारा खेळता ठेवायचा, अशी त्याची रचना. त्यामागचे इंजिनिअर होते फजलुर रहमान खान, ढाक्याजवळ जन्मलेले आणि शिकागोत नाव कमावलेले. १९८२ मध्ये त्यांचं निधनही जेद्दातच झालं. या टर्मिनलला १९८३ चा आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

महत्त्वाचं म्हणजे आराखडा करतानाच हिशोब धरला होता की परतीच्या वेळी ८०,०००पर्यंत हाजी इथं ३६ तासांपर्यंत थांबतील. म्हणजे लोकांना थांबावं लागणार हे आधीच मान्य करून, साध्या तिकिटावरच्या माणसासाठी सावली, बसायला-झोपायला जागा आणि पाणी यांचा विचार झाला. हा लाउंज नव्हे, पण मुसाफिराच्या गरजांचा हिशोब यात आहे.

कार्डावरचा लाउंज

आजकाल अनेकांच्या डेबिट-क्रेडिट कार्डावर लाउंजची सोय असते. तीन गोष्टी तपासल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नका. एक, बरीच कार्डं फक्त देशातल्या लाउंजमध्ये चालतात. दुबई-दोह्यात ती दाखवून उपयोग नाही. दोन, अनेक बँकांनी आता अट घातली आहे की मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश. तीन, प्रवेश सहसा कार्डधारकालाच असतो. मुलगा आत आणि अम्मी-अब्बा बाहेर, असा प्रकार होऊ शकतो. शिवाय अशा लाउंजमध्ये साधारण दोन-तीन तासच बसू देतात. बारा तासांच्या हॉल्टचं उत्तर ते नाही.

लाउंज नसेल तर

दुबई आणि दोहा दोन्हीकडे नमाजच्या खोल्या आहेत, वुजूची सोय आहे, मोफत वाय-फाय आहे. दोह्यात पुरुष आणि महिलांसाठी वेगवेगळ्या 'क्वाएट रूम' आहेत. तिथं लांब खुर्च्यांवर पाय पसरून पडता येतं, पैसे लागत नाहीत. दोन्ही विमानतळांच्या आतच हॉटेलं आहेत आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या झोपण्याच्या कॅबिनही आहेत. आतच असल्यामुळे त्या देशाचा व्हिसा लागत नाही. ते महाग पडतं, पण आजारी माणूस बरोबर असेल तर चार-पाच तासांचा तेवढा खर्च सोसावा.

हॉल्ट विमान कंपनीच्याच वेळापत्रकामुळे फार लांब होत असेल तर काही कंपन्या हॉटेल देतात. एमिरेट्सची 'दुबई कनेक्ट' ही अशीच सोय. पण त्याला अटी असतात आणि ती आधी मागावी लागते. स्वस्तात मिळालं म्हणून आपणच लांबचा हॉल्ट निवडला असेल तर सहसा मिळत नाही.

एहरामचा प्रश्न

आधी मदिना असेल तर विमानात एहरामचा प्रश्न येत नाही. थेट जेद्दा असेल तर मीकात ओलांडण्याआधी एहराम आणि नियत हवी. आखातातून जेद्दाकडे जाणारी विमानं साधारणपणे तायफजवळच्या कर्न अल-मनाजिल या मीकातच्या बाजूने जातात. हॉल्ट लांब असेल तर घरापासून एहराम बांधून जाण्याऐवजी हॉल्टच्या विमानतळावर बांधता येतो. मात्र एहरामची चादर हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग थेट जेद्दाला जाते, मध्ये हाती लागत नाही.

एहराममध्ये सुगंध चालत नाही. लाउंजमधले सुवासिक टॉवेल आणि साबण, ड्यूटी-फ्रीमध्ये हातावर मारून दाखवतात ते अत्तर, यांपासून जपावं. पुरुषांना डोकं झाकता येत नाही आणि विमानतळावर एसी कडक असतो, म्हणून अंगावर घ्यायला एक जादा चादर असू द्यावी. बाकी मसला आपल्या मौलानांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावा.

आपल्या भागाचा हिशोब

मुंबई-जेद्दा थेट विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. व्हायामध्ये आखातापर्यंत सुमारे तीन तास, हॉल्ट दहा तास आणि पुढे पुन्हा तीन तास धरले तर सोळा होतात. त्यात अमरावती किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, मग विमानतळावर चार तास आधी पोहोचणं. घर सोडल्यापासून दीड दिवस सहज जातो. नागपूरहून व्हायाचं विमान मिळालं तर रेल्वेची रात्र वाचते. अमरावतीहून नागपूर साधारण १५० किलोमीटर आहे, अकोल्याहून २५०.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, ही चांगली गोष्ट. पण ते तिकीट वेगळं काढलं असेल तर ते विमान उशिरा आलं म्हणून पुढचं चुकलं, याची जबाबदारी पुढची कंपनी घेत नाही. देशातल्या विमानात सामानही साधारण १५ किलोच चालतं. म्हणून मध्ये भरपूर वेळ ठेवा, किंवा एक दिवस आधी मुंबई गाठा.

भारतातून सुटणारं विमानच उशिरा असेल तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे ठरावीक उशिरानंतर जेवण-नाश्ता देणं कंपनीला बंधनकारक आहे. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेलची सोयही मागता येते. काउंटरवर जाऊन शांतपणे मागायचं, पण मागायचं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

- हॉल्ट कुठे आणि किती तासांचा, जाताना आणि येताना दोन्ही?
- दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का? बॅग थेट जेद्दा-मदिनेला जाईल का?
- हॉल्टमध्ये जेवण कोण देणार, कंपनी की टूरवाला?
- ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर नोंदवली का? ही सेवा सहसा मोफत असते, पण दोन दिवस आधी सांगावं लागतं.
- ग्रुपबरोबर हॉल्टमध्ये जबाबदार माणूस असेल का?

शुगर असणाऱ्यांनी इन्सुलिन, गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवावी. दर तासाला उठून थोडं चालावं, पाणी प्यावं.

तरुण माणसाला आठ-दहा तासांचा हॉल्ट जड जात नाही आणि वाचलेले पैसे मक्का-मदिनेत कामी येतात. पण घरातल्या म्हाताऱ्यांना पाठवताना दोन दरांमधला फरक आणि हॉल्टचे तास शेजारी-शेजारी लिहून पाहा. टूरवाल्याने तोंडी सांगितलेले तास पावतीवर लिहून घ्या. चांगला टूरवाला ते आनंदाने लिहून देतो.