लहरींची गर्दी

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात. शहरातल्या लहरींच्या गोंगाटात त्या बुडून जातील, म्हणून डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण शहरापासून दूर उभारली.

विद्यार्थी मित्रांनो, हाच गोंगाट आपल्या घरातही असतो. संध्याकाळी अभ्यासाचा व्हिडिओ अडखळू लागतो, तेव्हा दोष नेहमी बाहेरून येणाऱ्या तारेचाच असतो असे नाही. वायफायचा राऊटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने असलेल्या लहरी वापरतो. त्यांची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. शेजाऱ्यांचे राऊटर आणि ब्ल्यूटूथची उपकरणे याच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झच्या असतात. त्यातून निसटणारा अल्पसा अंशही राऊटरच्या क्षीण संदेशाला भारी पडतो. बिघडलेला संदेश पुन्हा पाठवावा लागतो आणि वेग घटतो.

यावर उपाय काय? या पट्ट्याचे अनेक चॅनेल असतात, पण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात. १, ६ आणि ११ हे तीन मात्र वेगळे राहतात. शेजारी १ वर असेल, तर आपण ३ निवडणे हिताचे नाही. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात, पण अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचे बोलणे नीट न कळता नुसता गोंगाट ठरतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल अधिक आणि गर्दी कमी असते. मात्र या लहरी भिंतींतून जाताना जास्त क्षीण होतात.

आता एक प्रयोग करा. राऊटर २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून, एकाच जागी बसून वेग तीनदा मोजा आणि सरासरी काढा. मग मोठ्यांच्या देखरेखीखाली ओव्हनमध्ये पेलाभर पाणी तापवत असताना पुन्हा मोजा. शेवटी राऊटर लोखंडी कपाटापासून दूर, घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवून मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

खोडदच्या शास्त्रज्ञांप्रमाणे आपल्याला शहर सोडता येत नाही. पण गोंगाट कुठून येतो ते मोजून शोधले, तर त्यातून वाट नक्की काढता येते.