कत्तलखान्यातील रक्त आणि सोलापूरचे पाणी

मांसप्रक्रियेच्या कारखान्यांपासून परिसरास होणाऱ्या उपद्रवाचा विचार करताना दुर्गंधी, धूर, हाडे व सांडपाणी या सर्वांचा एकत्र उल्लेख करण्याचा प्रघात आहे. तथापि या सर्वांचे महत्त्व सारखे नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न सर्वांत बिकट होय. आणि त्या प्रश्नाचे मर्म रक्तात आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

सेंद्रिय द्रव्य पाण्यात कुजू लागले म्हणजे सूक्ष्मजंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. या गरजेच्या मापास जैवरासायनिक प्राणवायू-मागणी म्हणतात. घरगुती सांडपाण्यात ती दर लिटरला सुमारे २०० ते ३०० मिलिग्रॅम, कत्तलखान्याच्या सांडपाण्यात बहुधा १,००० ते ४,००० मिलिग्रॅम, तर निव्वळ रक्तात सुमारे दीड लाख मिलिग्रॅम असते. २५ किलो वजनाच्या शेळीपासून साधारणपणे एक लिटर रक्त निघते असे धरू. दिवसाकाठी ३०० शेळ्यांचे रक्त दीड पिंपात मावेल. परंतु तेच मोरीवाटे वाहून गेले, तर प्राणवायूची मागणी ४५ किलो होते. दर माणशी दररोज ४५ ग्रॅम हे प्रमाण धरल्यास हा भार १,००० माणसांच्या सांडपाण्याइतका ठरतो. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्या देशात दर लिटरला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. केवळ पाणी मिसळून तेथवर यावयाचे म्हटले, तर सर्वस्वी निर्मळ असे दीड कोटी लिटर पाणी लागेल.

एवढे पाणी सोलापुरात आणावयाचे कोठून? जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते ऑक्टोबर या अवधीत. उन्हाळ्यात भीमेचा प्रवाह उजनी धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. नदी सर्व काही सामावून घेईल, हा भरवसा येथे उपयोगाचा नाही. यास्तव शुद्धीकरणाचा आरंभ कत्तलीच्या ओट्यापाशीच झाला पाहिजे.

जे कोरडे उचलता येते ते पाण्यात मिसळू देऊ नये, हा पहिला नियम होय. रक्त स्वतंत्र पन्हळीतून पिंपात गोळा करावे. लेंड्या, शेण आणि पोटातील चोथा खोऱ्याने उचलून मगच फरशी धुवावी. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार कत्तलीपूर्वी जनावरास २४ तास विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे पुष्कळसे शेण विश्रांतीच्या गोठ्यातच कोरडे मिळू शकते. कातड्यांना लावलेले मीठही झटकून वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. मीठ कोणत्याही जंतुप्रक्रियेने नाहीसे होत नाही. असे पाणी शेतास देत राहिल्यास त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते.

उरलेल्या पाण्यातील चरबी अडवून ते प्रथम हवाबंद टाकीत व नंतर हवा खेळविलेल्या टाकीत न्यावे. हवाबंद टाकीत सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन वायू तयार होतो. ही युक्ती महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून वायू मिळविण्याचा प्रयोग १८९७ सालीच झाला होता. हा वायू इंधन म्हणून जाळला पाहिजे. कारण मोकळा सुटल्यास शंभर वर्षांच्या मापाने त्याचा तापवर्धक परिणाम समान वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो.

सोलापूरचा उन्हाळा या कामी बाधक आणि साधक असा दोन्ही आहे. पारा ४० अंशांवर गेला म्हणजे रक्त काही तासांतच नासते. म्हणून त्याच दिवशी ते शिजवून व वाळवून त्याची भुकटी केली पाहिजे. उलट मिथेनजनक जंतूंना ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. थंड देशांत टाकी तापवावी लागते, येथे ती गरज पुष्कळ कमी. मात्र सगळे रक्त या टाकीत ओतणे इष्ट नव्हे. रक्तातील प्रथिनांपासून अमोनिया निर्माण होतो व त्याच्या आधिक्याने तेच जंतू निष्प्रभ होतात.

लहान दुकानांतील चार-दोन जनावरांचे रक्त वाळविणे परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यास उत्तर म्हणून एकत्रित कत्तलखान्याकडे बोट दाखविले जाते. मुंबईने १९७१ मध्ये देवनार येथे तो मार्ग स्वीकारला. परंतु कत्तल एकवटली की भारही एकवटतो. रक्त वेगळे न काढणारा मोठा कारखाना उपद्रवाची केवळ जागा बदलतो.

शेवटी मोजमापाविषयी. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याखाली सांडपाण्याची तपासणी होते, ती मुख्यतः दर लिटरमागील मिलिग्रॅममध्ये. अधिक पाणी ओतले की हा आकडा खाली येतो; भार मात्र तसूभरही घटत नाही. दुष्काळी प्रदेशात असे माप उधळपट्टीलाच बक्षीस देते. म्हणून दर जनावरामागे किती लिटर पाणी खर्च झाले आणि किती रक्त प्रत्यक्ष हाती आले, हे दोन आकडे प्रथम नोंदले पाहिजेत. संशोधक विद्यार्थ्यांनी येथून आरंभ केल्यास, कोणत्या कारखान्याने प्रदूषण खरोखर कमी केले आणि कोणी ते केवळ पातळ केले, याचा निवाडा करता येईल.