हातभट्टीचा धूर आणि घरची चूल



सुगी संपते, सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो, आणि ओढ्याकाठच्या झुडपांतून धूर निघू लागतो. तो कशाचा, हे सारे गाव जाणते आणि सारे गाव गप्प बसते. कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले: "वाडवडिलांपासून चालत आलंय."

हे कितपत खरे, ते पाहू या.

आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे मोहाचे रान आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी फुले गळतात. गोंड, कोलाम कुटुंबे ती पहाटे वेचतात, वाळवतात, अन्न म्हणून खातात, जनावरांनाही घालतात. त्यांतलीच थोडी भिजवून दारू गाळीत. ती आधी देवाला, मग लग्नकार्यात सर्वांना. ते दिवस मोजके असत.

आजची हातभट्टी ती नव्हे. मोह नाही तिथे खराब गूळ आणि नवसागर कुजवून रसायन करतात आणि तेच उकळून दारू काढतात. ती रोज विकली जाते, उधारीवरही मिळते. बियाण्याचे पैसे आणि लेकरांच्या वह्या तिथेच जातात.

त्याहून मोठा धोका भेसळीचा. दारू कडक व्हावी म्हणून लोभी माणसे कारखान्यातला मिथेनॉल मिसळतात. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभरावर माणसे दगावली. हे विष लगेच कळत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पोट दुखते, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके येते. "झोपला की उतरेल" म्हणून थांबू नका. तडक दवाखाना गाठा आणि काय प्यायला ते न लपवता सांगा.

आपल्या भागाने दारूला विरोध केलाच नाही, असे नाही. निजामाच्या राज्यात शिंदीचा गुत्ता चाले आणि त्याचे उत्पन्न सरकारात जाई. 1947 साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडेच तोडली. वाडवडिलांचे नाव घ्यायचे, तर हेही आठवावे.

परवान्याचे दुकान हटवायला बायकांना मतदान करून बाटली आडवी करावी लागते. हातभट्टीला मतदान नको. 1949 च्या दारूबंदी कायद्याने ती मुळातच गुन्हा आहे. 2016 च्या दुरुस्तीने गावाला ग्रामरक्षक दल नेमता येते. ग्रामसभेत विषय मांडा. एकटी बाई बोलली तर घरी मार खाते; पन्नास जणी बोलल्या तर पोलिसांनाही यावे लागते.

एक मात्र विसरू नका. गाळणारी बहुधा आपल्यासारखीच गरजू असते. तिचे मडके फोडाल, तर तिला बचत गटात घ्या, दोन शेळ्या मिळवून द्या. नाहीतर आज विझलेली भट्टी उद्या दुसऱ्या ओढ्याला पेटेल.

धूर निघावा तो घरच्या चुलीचा!